पाच तासवाल्यांची मॅरेथॉन

मॅरेथॉनबद्दल जे काही वाचायला, बघायला मिळतं ते बहुतेक करून फास्ट लोकांनी फास्ट लोकांसाठी तयार केलेलं असतं, आणि मग तेच थोडं पाणी घालून आपल्यासारख्यांना देतात. गेले काही महिने पहिल्या फुल मॅरेथॉनचं (४२ किलोमीटर) ट्रेनिंग करतेय आणि हे माझं मत दर आठवड्याला जास्तच पक्कं होत चाललंय.

मी पाच तासवाली. म्हंजे अजून पळले नाहीये, रेस पुढे आहे, पण हाफचं (२१ किलोमीटर) टायमिंग २:२० च्या आसपास येतं आणि त्यावरून फुलचा अंदाज काढायचा एक फॉर्म्युला आहे पीट रीगल नावाच्या इंजिनिअरचा, हाफच्या वेळेला साधारण २.०८५ ने गुणायचं, की माझे ४:५२ येतात. आता हा फॉर्म्युला आठवड्याला भरपूर किलोमीटर टाकणाऱ्यांना बरा लागू पडतो, नोकरी-घर सांभाळून पळणाऱ्यांच्या बाबतीत तो जरा जास्तच आशावादी आहे असं सगळेच म्हणतात, त्यामुळे पाच तास, पाच दहा, पाच वीस, यात कुठेतरी मी. आणि आमच्यासारखे लोक काही कमी नसतात बरं का, कुठल्याही मोठ्या रेसचा रिझल्ट उघडून बघा, चार तासांच्या पुढे केवढी तरी गर्दी असते.

आता एलिट, म्हंजे जगातल्या अव्वल धावपटूंचं बघू. केल्विन किप्टमने २०२३ मधे शिकागोला २:००:३५ काढले. दोन तास आणि वर फक्त ३५ सेकंद. (बिचारा पुढच्याच फेब्रुवारीत रस्ता अपघातात गेला, २४ वर्षांचा होता.) एका किलोमीटरला २ मिनिटं ५१ सेकंद. पाच तासांत संपवायचं तर मला किलोमीटरला ७ मिनिटं ६ सेकंद पुरतात. हे वाचून लोक म्हणतात की बघ, तो किती भारी आणि आपण किती स्लो. आहेच तो भारी. पण मी वेगळा हिशोब केला. त्याची पावलं मिनिटाला १८५ धरली तर दोन तासांत साधारण २२ हजार पावलं. माझी मिनिटाला १६० च्या घरात पडतात, पाच तासांत झाली ४८ हजार. दुपटीपेक्षा जास्त! मान्य, त्याच्या प्रत्येक पावलाचा दणका मोठा, तो अक्षरशः उडत असतो, पण तरीही ४८ हजार वेळा एका पायावर आख्खं वजन घ्यायचं, आणि ते घेणारे गुडघे, पोटऱ्या, तळवे दिवसातले आठ-नऊ तास खुर्चीत बसणाऱ्या माणसाचे. अंतर दोघांचं एकच आहे पण काम वेगळं आहे. त्याच्यासाठी ती दोन तासांची रेस आहे, माझ्यासाठी ती अर्ध्या दिवसाची मोहीम आहे, मग दोघांच्या तयारीचं गणित एक कसं असेल?

सगळ्यात जास्त घोळ लॉंग रनमधे, म्हंजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब पळण्यात होतो. कुठलाही रेडीमेड प्लॅन घ्या, ३२ किलोमीटरचा एक लॉंग रन त्यात ठळक अक्षरात असतोच. हा ३२ आकडा आला कुठून तर २० मैलांवरून, गोल आकडा, बाकी काही जादू नाही त्यात. मैलात न मोजणाऱ्या जगाने तो तसाच उचलला. एलिट माणूस ३२ किमी आरामात पळाला तरी दोन तासांच्या आसपास घरी. मी माझ्या ७:४५ च्या लॉंग रन पेसने (म्हंजे किलोमीटरला ७ मिनिटं ४५ सेकंद) गेले तर चार तास आठ मिनिटं. म्हंजे त्याने त्याच्या रेसइतका वेळ पाय चालवले, मी माझ्या जवळपास आख्ख्या रेसइतका, तेही एका साध्या रविवारी, आणि मंगळवारी परत पळायचंय!

यावर जाणकारांत पण एकमत नाही हे मला नंतर कळलं आणि बरं वाटलं. जॅक डॅनिएल्स, म्हंजे कोचिंगमधला फार मोठा माणूस, तो लॉंग रनला अडीच तासांची मर्यादा घालतो, किलोमीटर कितीही होवोत. हॅन्सन्स नावाच्या ट्रेनिंग प्लॅनवाले २६ किमीच्या (१६ मैल) पुढे जाऊच देत नाहीत, पण ते आठवडाभर इतकं पळवतात की त्या २६ ला आधीच थकलेल्या पायांनी उभं राहायचं. हॅल हिग्डन हा अजून एक नावाजलेला कोच, त्याच्या नवशिक्यांच्या प्लॅनमधे ३२ आहे, पण तो एकदाच. प्रत्येकाचं लॉजिक ऐकलं की प्रत्येकजण बरोबर वाटतो, हीच तर पंचाईत.

त्यामागचं कारण मला जे समजलं ते असं. हळू आणि लांब पळण्याचा फायदा म्हंजे स्नायूत मायटोकॉन्ड्रिया (पेशीतले ऊर्जा बनवणारे भाग) वाढतात, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, शरीर चरबी जास्त चांगली जाळायला शिकतं. हा फायदा वेळेवर मिळतो, शरीराला किलोमीटरचे दगड दिसत नाहीत. आणि साधारण अडीच-तीन तासांनंतर फायदा वाढायचा वेग कमी होतो पण झीज मात्र वाढतच राहते, फॉर्म बिघडतो, कंबर खाली बसते, पाय फरपटतात, आणि त्या अवस्थेत पळलेला प्रत्येक किलोमीटर इंजरीला आमंत्रण. शिवाय हृदय आणि दम आठवड्यांत सुधारतात पण टेंडन (स्नायू हाडाला बांधणारे दोर) आणि हाडं महिने घेतात, म्हणून तर दम पुरतोय असं वाटायला लागतं आणि नेमक्या त्याच टप्प्यावर नडगी दुखायला लागते. आमच्या ग्रुपमधे जेवढे लोक ट्रेनिंगमधे बाद झाले ते दम कमी पडला म्हणून कोणीच नाही, सगळे नडगी, गुडघ्याची बाहेरची बाजू नाहीतर टाच.

तर मी काय केलं, लॉंग रन तासांत मोजायला लागले. दोन तास, सव्वादोन, अडीच, मग एक आठवडा कमी, मग परत वर. साडेतीन तासांवर लाईन मारली, त्यात माझे २७ च्या आसपास होतात. आणि त्याच्या आदल्या दिवशी तास-सव्वातासाचा रन, म्हंजे रविवारी सुरुवातच जड पायांनी होते. अल्ट्रावाले, म्हंजे मॅरेथॉनहून लांब पळणारे लोक हे कायम करतात, बॅक टू बॅक म्हणतात त्याला. ग्रुपमधले एक काका, अनेक मॅरेथॉन झालेले, त्यांना हे अजिबात पटत नाही. "बत्तीस नाही केलंस तर डोकं तयार कसं होणार?" आणि त्यांचा मुद्दा खोटा नाही. पायांचं ठीक आहे, पण आपण इतका वेळ टिकू शकतो हे डोक्याला एकदा दाखवावं लागतं. त्यावर मी मधला मार्ग काढला, एका रविवारी तीन तास पळून वर एक तास फक्त भराभर चालले. किलोमीटर मोजलेच नाहीत. चार तास पायावर राहिलं की काय काय दुखतं, कुठे कपडा घासतो, पोट काय म्हणतं, चिडचिड किती होते हे सगळं कळतं आणि पाय पण शाबूत राहतात. काकांनी मान हलवली, होकारार्थी की नकारार्थी ते कळलं नाही.

मग उरलेले १५ किलोमीटर रेसच्या दिवशी आणायचे कुठून? हा प्रश्न मला पण रात्री पडतो. उत्तर एकच सुचतं, सुरुवातीचे २७ रेसमधे ट्रेनिंगपेक्षा ताज्या पायांनी आणि तेवढ्याच संयमाने काढायचे. बाकी देव आणि जेल (पळताना खायची ती गोड चिकट एनर्जीची पाकिटं).

पेसचं बोलू. इझी रन इझी असायला पाहिजे हे सगळे सांगतात आणि कोणी करत नाही. स्टीफन सायलर म्हणून एक संशोधक आहेत, त्यांनी एलिट लोकांच्या ट्रेनिंग डायऱ्या वगैरे बघून दाखवलं की ही मंडळी साधारण ८० टक्के सेशन्स सोप्या इंटेन्सिटीला करतात आणि उरलेली २० टक्के खरंच जोरात. आपण काय करतो, सगळंच मधल्या पट्ट्यात, ना धड हळू ना धड फास्ट, रोज थोडी धाप लागेल असं. घामही येतो, व्यायाम झाल्यासारखं वाटतं, आणि प्रगती शून्य. एलिटचं उचलायचं तर हे उचला ना! पण नाही, आपण त्यांचे बूट उचलतो.

इझी ओळखायचं कसं तर बोलून. पूर्ण वाक्य, मधे श्वास न तुटता, नुसतं हो-नाही चालत नाही. २२० वजा वय हा कमाल हार्ट रेट धरून झोन काढतात त्यात माणसामाणसात १०-१२ ठोक्यांचा फरक सहज पडतो, तेव्हा घड्याळ सांगतंय म्हणून घाबरू नका की फुगू नका. मी माझ्या मैत्रिणीबरोबर पळते आणि आमची गप्पांची गाडी जिथे थांबते तिथे पेस जास्त झालाय असं समजतो, चढावर हमखास थांबते. एक मात्र आहे, इतकं हळू पळताना सगळं जग ओव्हरटेक करतं. लहान मुलं, कुत्रे घेऊन फिरणारे लोक. सुरुवातीला लाज वाटायची, कोणी समोरून आलं की आपोआप स्पीड वाढायचा, आता नाही वाटत. बरं आणि फार स्लो लोकांसाठी यात एक बारीक मेख आहे जी कोणी लिहीत नाही, की कधीकधी आपला "इझी" पेस म्हंजे चालणंच असतं. चढावर, उन्हात, नुकतंच आजारातून उठल्यावर. चाला मग.

चालण्याबद्दल जरा जास्त लिहायचंय कारण त्याबद्दल लोकांच्या डोक्यात फार कचरा आहे. "मॅरेथॉन पळालीस की चाललीस?" असं विचारणारे नातेवाईक प्रत्येकाला असतात. जेफ गॅलोवे हा माणूस १९७२ च्या ऑलिम्पिकला दहा हजार मीटर पळालेला, म्हंजे चांगलाच फास्ट, आणि त्याने सत्तरच्या दशकात नवशिक्यांना शिकवताना पळा-चाला-पळा ही पद्धत सुरू केली. यातली सगळी गंमत वेळेत आहे. दमल्यावर चालायचं नाही, दमायच्या आधी चालायचं. पहिल्या किलोमीटरपासून. चार मिनिटं पळ, एक मिनिट चाल, किंवा जे काही जमेल ते. दमल्यावर चालायला लागलं की परत पळणं सुरू होत नाही, आणि आधीपासून ठरवून चाललं की पोटरीवरचा लोड मधेमधे हलका होत जातो, आणि शेवटच्या दहात बाकीचे फरपटत असताना तुम्ही निदान ठरल्याप्रमाणे पळत असता. गणित पण बघा, ४ मिनिटं ६:४५ ने आणि १ मिनिट १० च्या पेसने चाललात तरी सरासरी साधारण ७:१३ येते. फार काही जात नाही.

अडचण एकच, सुरुवातीला सगळे तुफान सुटलेले असताना पाचव्या मिनिटाला चालायला निब्बर मन लागतं. आणि कडेला येऊन, हात वर करून मग चाला, मागच्याच्या अंगावर एकदम ब्रेक मारू नका.

कॅथरीन स्वित्झरचं सगळ्यांना माहिती असतं, १९६७ ला बॉस्टनमधे नंबर घेऊन पळत होती आणि रेसच्या एका अधिकाऱ्याने तिचा बिब (कपड्यावर लावलेला नंबर) ओढायचा प्रयत्न केला, ते फोटो. तिने रेस पूर्ण केली, साधारण ४ तास २० मिनिटांत. हे टायमिंग कोणाला आठवत नाही. बॉस्टनने बायकांना अधिकृतपणे घ्यायला १९७२ उजाडलं आणि ऑलिम्पिकमधे बायकांची मॅरेथॉन यायला तर १९८४. मला त्या चार-वीसचं फार बरं वाटतं, इतिहासात नाव जायला काही अडीच तासच लागतात असं नाही.

आता खाण्यापिण्याचं, जिथे स्लो लोकांचं गणित खरंच वेगळं होतं. पळताना वजनाच्या दर किलोला दर किलोमीटरमागे साधारण एक किलोकॅलरी जाते, आणि गंमत म्हंजे वेगाने यात फार फरक पडत नाही. ६० किलोचं माणूस, ४२ किमी, झाल्या अडीच हजाराच्या वर. स्नायू आणि लिव्हरमधे ग्लायकोजेन म्हणून साखरेचा साठा असतो तो सगळा मिळून दोन हजार किलोकॅलरीच्या आतबाहेर, तेही अंगकाठीवर आणि आदल्या दोन दिवसांच्या खाण्यावर. उरलेलं चरबीतून येतं, पण चरबी जाळायला वेळ लागतो, म्हणून ग्लायकोजेन संपलं की वेग एकदम कोसळतो. ३०-३२ च्या पुढे जी "वॉल" लागते ती ही. हळू पळणारे चरबी जास्त वापरतात त्यामुळे वॉल लागत नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मॅरेथॉनला आपण आपल्या आवाक्याच्या वरच्या टोकालाच पळत असतो, आणि पाच तासांत मेंदूलाही साखर लागतेच की.

तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्स असं सांगतात. एका जेलमधे २०-२५ ग्रॅम. दोन तासवाल्याचं तीन-चार जेलमधे पण भागू शकतं, माझ्या पाच तासांना ४० ग्रॅमने धरलं तरी २०० ग्रॅम, म्हंजे आठ-नऊ जेल. आठ-नऊ! एवढे ठेवायचे कुठे इथपासून सुरुवात. आणि तिसऱ्यानंतर त्या गोड चिकट गोष्टीची शिसारी येते, ती येणारच, म्हणून ट्रेनिंगमधे सवय करायची. आतडं पण ट्रेन होतं हे मला खोटं वाटायचं, पण खरंच आहे, सुरुवातीला एका जेलने पोटात ढवळायचं, आता दर अर्ध्या तासाला थोडंथोडं चालतं. मी अर्धा जेल, अर्धं केळं, मधे काहीतरी खारट असं फिरवते. भूक लागायची वाट बघायची नाही, पहिल्या चाळीस मिनिटांतच सुरू. आणि रेसच्या दिवशी स्टॉलवर काय फुकट देतायत ते बघून नवीन ब्रँड तोंडात टाकायचा मोह आवरायचा, नाहीतर पुढचे सगळे किलोमीटर टॉयलेट शोधण्यात जातात.

पाण्याचं तर उलटंच आहे. सगळे घसा फोडून सांगत असतात पाणी प्या, पाणी प्या. पण जास्त पाणी पिऊन रक्तातलं सोडियम खाली जातं, हायपोनेट्रेमिया, आणि हा धोका स्लो लोकांना जास्त. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधे ४८८ जणांचं रक्त तपासलं होतं, २००५ ला तो पेपर आला, त्यात १३ टक्के लोकांना हायपोनेट्रेमिया निघाला, आणि ज्यांना चार तासांपेक्षा जास्त वेळ लागला, ज्यांचं वजन रेसमधे वाढलं त्यांच्यात जास्त. वजन वाढलं म्हंजे घामापेक्षा जास्त पाणी आत गेलं. साधी गोष्ट आहे, हळू पळतो म्हणून घाम थोडा कमी, आणि रस्त्यात तास जास्त म्हणून प्रत्येक स्टॉलवर एक एक ग्लास, पाच तासांत किती स्टॉल होतात मोजा. त्रास काय होतो तर मळमळ, डोकं दुखणं, गोंधळल्यासारखं होणं, बोटं सुजणं, आणि गंभीर झालं तर झटके, जिवावर पण बेतू शकतं. गोची अशी की मळमळ आणि डोकेदुखी डिहायड्रेशनमधे पण होते, आणि बघणारा प्रेमाने आणखी पाणी पाजतो. आता तहान लागली की प्यायचं हाच सल्ला सगळ्यात जास्त दिला जातो. मी लॉंग रनच्या आधी आणि नंतर वजन करते, किती प्यायले ते मिळवते, त्यावरून तासाला घाम किती जातो ते कळतं. थंडीत आणि उन्हाळ्यात दुपटीचा फरक पडतो. इलेक्ट्रोलाइट (क्षार घातलेलं पेय) घेतेच, पण नुसतं मीठ घेऊन जास्त पाण्याचं पाप धुतलं जात नाही हे पण लक्षात ठेवायचं.

ऊन. पहाटे साडेपाचला रेस सुरू झाली तर एलिट साडेसातला पदक घालून मोकळे. आमचे उरलेले तीन तास उन्हातच. म्हणजे "रेसच्या दिवशी तापमान अमुक" असा जो आकडा देतात तो त्यांचा, आमचा वेगळा. गरमीत त्याच पेसला हार्ट रेट चढत जातो, कारण रक्त कातडीकडे पण पाठवावं लागतं. शरीर याला जुळवून घेतं, साधारण १०-१४ दिवस उन्हात पळालं तर रक्तातला प्लाझ्मा वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो. म्हणून मी शेवटच्या महिन्यात काही रन मुद्दाम उशिरा सुरू केले, टोपी घालून, ओळखीच्या रस्त्यावर, पाणी बरोबर घेऊन. घरच्यांना वेड लागलंय असं वाटलं.

उन्हावरून शिझो कानाकुरी आठवतो, स्लो लोकांचं दैवतच म्हणायला हवं. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकला जपानकडून मॅरेथॉन पळत होता, भयंकर उकाडा, अर्ध्याहून जास्त झाल्यावर त्याला सहन होईना, वाटेत एका घराच्या बागेत पार्टी चालू होती तिथे जाऊन बसला, काहीतरी प्यायला आणि मग अधिकाऱ्यांना न सांगताच गुपचूप निघून गेला. स्वीडनमधे त्याची नोंद बेपत्ता अशी! १९६७ मधे त्यांनी त्याला बोलावून घेतलं आणि म्हाताऱ्याने रेस पूर्ण केली, वेळ ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं, २०.३ सेकंद. यापुढे माझे पाच-वीस म्हंजे फारच चपळ. पण त्याच रेसमधे फ्रान्सिस्को लाझारो हा पोर्तुगीज धावपटू उन्हाने कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला, तेव्हा उन्हाची मस्करी नको.

बूट वगैरेवर फार लिहीत नाही, त्यावर लोक भांडतात. पाच तासांत पाय सुजतात, अर्धा नंबर मोठा घ्या, नाहीतर नखं काळी. ५०० ते ८०० किमीनंतर जोडी बदला. कार्बन प्लेटवाले बूट घ्यायचे तर घ्या, माझ्या वेगाला त्यांचा किती फायदा होतो याबद्दल मला दाट शंका आहे. त्यापेक्षा व्हॅसलीन! स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या पट्टीला, काखेत, मांड्यांना, आणि पुरुषांनी छातीला. दोन तासांत जे नुसतं चुरचुरतं ते पाच तासांत सोलतं, आणि ते कळतं अंघोळीला पाणी अंगावर घेतल्यावर, शेजारी विचारतात काय झालं.

घड्याळाचा एक मुद्दा मात्र नक्की सांगायचा. ४२.१९५ हा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकचा, विंडसर कॅसलपासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या बॉक्सपर्यंत, आणि १९२१ ला तो कायमचा ठरला. कोर्स मोजतात तो सायकलला काउंटर लावून, वळणावर अगदी आतल्या कडेने, सगळ्यात कमी जे अंतर होईल ते, आणि चुकून कमी भरू नये म्हणून ०.१ टक्का, म्हंजे ४२ मीटर, वर घालतात. आपण काही त्या रेषेवर पळत नाही, आपण पाण्यासाठी डावीकडे, सावलीसाठी उजवीकडे, वर जीपीएसची चूक. त्यामुळे घड्याळात ४२.६, ४२.७ होणारच. आता पाच तासांच्या आत यायचं म्हणून कोणी घड्याळात ७:०६ धरून बसला तर ४२.७ ला त्याचे ५:०३ होतात. घड्याळात ७:०० दिसलं पाहिजे तेव्हा कुठे ४:५९ बनतं. हळू पळणाऱ्याला हे जादा अर्धा किलोमीटर जास्त महाग, किप्टमला दीड मिनिट, मला साडेतीन.

सध्या टेपर चालू आहे. शेवटचे दोन-तीन आठवडे किलोमीटर निम्म्यापर्यंत खाली आणायचे, पण मधेमधे थोडं जोरात पळायचं म्हंजे पाय झोपत नाहीत. शरीरासाठी छान, डोक्यासाठी भयाण. कधी न दुखलेला घोटा दुखतोय, घसा खवखवतोय, वजन काट्यावर किलोभर वाढलंय. वजनाचं कारण माहिती आहे, एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं, साठा भरतोय याचीच ती खूण, तरी काट्यावर रोज चढायचं थांबवलंय. घोट्याचं माहिती नाही. मैत्रीण म्हणते तिचाही दुखतोय, आणि तिची रेसपण नाहीये.

रेसचा प्लॅन ठरलाय. पहिले ५ किमी ७:२० ने, कोणी कितीही पुढे जाऊ दे. मग चार-एकचं पळणं-चालणं, घड्याळातल्या सरासरीवर ७:१०, जेल दर पंचवीस-तीस मिनिटांनी थोडाथोडा, स्वतःचे स्वतः नेणार कारण आम्ही पोचेपर्यंत स्टॉलवर फक्त रिकामे ग्लास उरलेले असतात. ३० पर्यंत पेसर बसच्या (म्हंजे ठरलेल्या वेगाने पळणारा पेसर आणि त्याच्या मागचा घोळका) मागे राहणार, पण ती बस चालण्याचे ब्रेक घेत नाही, त्यामुळे मागेपुढे होत राहणार. ३० नंतर ऊन बघून. गरम असेल तर पाच तास वगैरे विसरून तीन-एक, नाहीतर दोन-एक. कटऑफ, म्हंजे रेस संपवायची मुदत, सात तासांची आहे, म्हंजे अगदी ३२ पासून पुढे ११ च्या पेसने नुसती चालत राहिले तरी सहा तासांच्या आत आत शिरते. हा शेवटचा हिशोब काकांना दाखवला, त्यांनी चष्मा वर करून दोनदा तपासला आणि म्हणाले, बेरीज बरोबर आहे, आता नखं काप.